२४९ ग्रॅम म्हणजे मोकळं रान नव्हे

नळस्टॉप_ते_ब्रॅम्प्टन

गणपतीच्या मिरवणुकीचं ड्रोन शूटिंग कसं करावं, यावर परवा इथे एक पोस्ट आली. गोषवारा असा: २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घ्या, ना रजिस्ट्रेशन ना परीक्षा, कॅनडात कुठेही उडवा, कोणी विचारत नाही. खाली ‘मस्त माहिती’ म्हणणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

रजिस्ट्रेशन आणि पायलट सर्टिफिकेट लागत नाही, इथवर बरोबर. पुढचं चूक, आणि चूकही नेमकी मिरवणुकीच्याच बाबतीत! १ एप्रिल २०२५ पासून लोकांसाठी जाहीर केलेल्या मैदानी कार्यक्रमात हलका ड्रोन उडवायलाही ट्रान्सपोर्ट कॅनडाचं (केंद्रीय वाहतूक खातं) एसएफओसी, म्हणजे खास उड्डाणाचं परवानगीपत्र, लागतं. मंडळाने पोस्टर छापलं, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांना आग्रहाचं निमंत्रण’ पाठवलं, की झाला तो जाहीर कार्यक्रम. नॅशनल पार्कात परवानगीशिवाय टेकऑफ-लँडिंग बंद, दंड २५,००० डॉलरपर्यंत. तिथे वजन कोणी विचारत नाही. नायगाऱ्यावर आणि ओटावात पार्लमेंट हिलवर प्रतिबंधित हवाई क्षेत्र. टोरंटोत सिटीच्या पार्कात उडवायचा तर महापालिकेचा बायलॉ आडवा येतो. वणवा पेटला असेल तर त्याच्यापासून ५ नॉटिकल मैलांच्या आत कुठलाच ड्रोन नको.

आणि ते २४९ ग्रॅम एकदा घरच्या काट्यावर ठेवून बघा. डीजेआय कंपनीचा मिनी ३ प्रो साध्या बॅटरीवर २४९ भरतो. जास्त वेळ उडावा म्हणून प्लस बॅटरी घातली की २९० च्या आसपास. प्रोपेलर गार्ड लावले तरी काटा अडीचशेच्या पुढेच. रिमोटचं वजन धरत नाहीत, पण ड्रोनला जे जे चिकटवाल ते सगळं मोजतात. म्हणजे बॅटरी बदलल्या क्षणी तुम्ही बिनरजिस्ट्रेशनचा ड्रोन बिनसर्टिफिकेटचा उडवत असता. दोन्हींना प्रत्येकी १,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

मला ड्रोन आवडतो, माझ्याकडे आहे. म्हणूनच आपल्या लोकांनी असली माहिती पसरवलेली मला खपत नाही.

गगनविहारी

ती पोस्ट माझीच होती, तेव्हा नाव घेऊन बोला की. मिरवणुकीचा मुद्दा मान्य, नियम नवा आहे, माझ्या पोस्टीत नव्हता. झालं समाधान?

आता विमानतळाचं बोलू, कारण तिथे तुमच्यासारखे लोकच सगळ्यांना घाबरवतात. विमानतळापासून ५.६ किलोमीटर आणि हेलिपोर्टपासून १.९ किलोमीटरची अट बेसिक, म्हणजे पहिल्या पायरीच्या पायलट सर्टिफिकेटवाल्यांना आहे. अडीचशे ग्रॅमच्या आतल्याला एकच कलम: बेपर्वाईने उडवून कोणाचा जीव धोक्यात घालू नका. मी माझ्या गल्लीत झाडाच्या उंचीवर उडवतो. यात टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरणाऱ्या बोइंगचं काय बिघडतं?

ज्यांनी मोठा ड्रोन घेऊन रीतसर बेसिक काढलं त्यांचे हाल बघा. ३५ प्रश्न, ६५ टक्के, पास झालात. आता उडवायचं कुठे? नॅव्ह ड्रोन या परवानगीच्या अ‍ॅपचा नकाशा उघडला तर आपण राहतो तो सगळा पट्टा कंट्रोल्ड एअरस्पेस, म्हणजे हवाई नियंत्रकांच्या ताब्यातला. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड काढा: ५० प्रश्न, ८० टक्के, वर फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे प्रत्यक्ष उडवून दाखवायची परीक्षा, आणि ती घेणारा आपली फी स्वतः ठरवणार. हौशी माणसाने शनिवारी सकाळी एक फोटो काढायला एवढं करायचं? मग लोक २४९ वाला घेणारच. नियमांनीच त्यांना तिकडे ढकललंय.

सेसना_१७२

इथे ट्रेनिंग घेतलंय, आता छोटं विमान चालवतो, म्हणून बोलतो. झाडाच्या उंचीवर कोण उडवतं हो? घेतल्या दिवसापासून प्रत्येकाला सूर्यास्त वरून हवा असतो.

विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर खाली येतं. धावपट्टीपासून सव्वादोन-अडीच किलोमीटरवर ते ४०० फुटांवर असतं. अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची कमाल मर्यादाही साधारण तीच. त्या वेळी माझं लक्ष धावपट्टीवर, वेगावर आणि रेडिओवर. हाताच्या पंज्याएवढी करडी वस्तू दिसत नाही. अजिबात दिसत नाही.

ऑगस्ट २०२१, टोरंटोजवळचा बटनव्हिल विमानतळ. यॉर्क रीजनल पोलिसांचा ड्रोन ४०० फुटांवर स्थिर होता, उतरणारं छोटं सेसना विमान त्याला धडकलं. आत शिकणारा विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर. आधी वाटलं, पक्षी आदळला. ड्रोनमागे प्रशिक्षित पोलिस होते, तरी हे झालं. २०१७ मध्ये क्यूबेक सिटीला उतरताना किंग एअर या छोट्या प्रवासी विमानाला ड्रोन लागला होता. दोन्ही वेळा माणसं वाचली. दर वेळी वाचतील असं नाही.

गगनविहारी

पोलिसांचा तो ड्रोन मॅट्रिस होता, किलोंमध्ये वजन. त्यावरून मिनीला फाशी द्यायची?

सेसना_१७२

जानेवारी २०२५, लॉस एंजलिसचा वणवा. क्यूबेकहून मदतीला गेलेल्या पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशी माणसाचा ड्रोन लागला. पंखाला ३ बाय ६ इंचांचं भोक, विमान जमिनीवर, आणि खाली घरं जळतायत. ‘मी फक्त बघत होतो’ म्हणणाऱ्याला हे सांगा.

अंगणातली_तुळस

तुमची विमानं चालू द्या. आमच्या बॅकयार्डचं कोण बोलणार? शेजारचं घर विकायला होतं. भर उन्हाळ्यात एजंटचा ड्रोन आमच्या डेकवर येऊन थांबला. सासूबाई वाळवण घालत होत्या, मुली छोट्या पूलमध्ये होत्या. पापडावरून हात तसेच वर ठेवून सासूबाई बघत राहिल्या. मी ओरडले तरी तो हलला नाही. नियम बघितले तर म्हणे तिऱ्हाईत माणसापासून ३० मीटर लांब राहायचं, पण ते अडीचशे ग्रॅमच्या वरच्यांना! म्हणजे वजन कमी तर डोकावायची मुभा?

गगनविहारी

ताई, वरची हवा तुमच्या मालकीची नाही. हवाई वाहतूक संघराज्याच्या अखत्यारीत येते.

अंगणातली_तुळस

हवा नको मला. माझ्या मुली माझ्या आहेत ना?

ठाणे_ते_कॅल्गरी

पुढच्या वेळी बागेचा पाइप फुल प्रेशरने सोडा त्याच्यावर. प्रश्न मिटला.

नळस्टॉप_ते_ब्रॅम्प्टन

कृपा करून असलं काही करू नका. कायद्याने ड्रोन हे विमानच आहे. पाडायला गेलात तर गुन्हा तुमच्यावर. ताई, एजंट धंद्यासाठी शूटिंग करत होता, म्हणजे खासगीपणाचा कायदा त्याला लागू होतो. चोरून चित्रण केलं असेल तर क्रिमिनल कोडमध्ये कलम आहे. वेळ, दिशा, फोटो, व्हिडिओ ठेवा आणि पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर कळवा.

अंगणातली_तुळस

कळवलं होतं. ‘आता उडतोय का?’ असं विचारलं. नव्हता उडत. फोन ठेवला. तुम्ही सगळे कलमं सांगता, पण बॅकयार्डमध्ये पडदे लावून बसायची वेळ आमच्यावर येते. उडवणाऱ्यांच्या हौशीवर एवढी चर्चा, खाली बसलेल्या बाईचा विचार शेवटी.

पेठेतला_पाहुणा

अवांतर: मी पुढच्या महिन्यात भावाकडे टोरंटोला येतोय. माझा जुना मॅव्हिक आणू का? जाताना तिकडून नवा घेऊन येईन म्हणतो.

नळस्टॉप_ते_ब्रॅम्प्टन

मॅव्हिक अडीचशेच्या वरचा. पाहुण्याला त्यासाठी आधी एसएफओसी काढावं लागतं, तो घरीच राहू द्या. आणि इथून नवा नेऊ नका. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले ठेवून घेतात.

गगनविहारींना: अ‍ॅडव्हान्स्डबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत. ते आणि त्यासाठी चालणारा ड्रोन असेल तर नॅव्ह ड्रोनवर अर्ज टाकला की कमी धोक्याच्या जागी परवानगी लगेच येते. शिवाय तो अभ्यास करताना नकाशा वाचता येतो, हवामान कळतं, रेडिओवर कोण काय बोलतंय ते समजतं. परीक्षा वाया जात नाही.

गगनविहारी

फ्लाइट रिव्ह्यूची फी तुम्ही भरणार असाल तर उद्या फॉर्म भरतो. पोस्टीत मिरवणुकीचं आणि प्लस बॅटरीचं दुरुस्त करतो. ‘कोणी विचारत नाही’ हे वाक्यही काढतो. गल्लीतल्या उडवण्याबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही. कायदा माझ्या बाजूने आहे.

सेसना_१७२

कायदा आहे. तुमच्या गल्लीपासून हॉस्पिटलचं हेलिपॅड किती लांब आहे ते तरी बघितलंत का? ऑर्न्जचं, म्हणजे हवाई रुग्णवाहिकेचं, हेलिकॉप्टर पेशंट घेऊन येताना गल्ली विचारत नाही.

गगनविहारी

बघतो. घरी गेल्यावर नकाशा उघडून बघतो.

अंगणातली_तुळस

आणि उडवायच्या आधी शेजाऱ्यांची बेल वाजवून सांगा. त्याला सर्टिफिकेट लागत नाही.