चढावर गाडी मागे जाते तेव्हा

ताई, चढावर गाडी मागे घसरल्यामुळे आपण दुसऱ्यांदा नापास झालात आणि आता स्टिअरिंगला हात लावण्याचीही धास्ती वाटते, हे वाचून मन कळवळले, कारण माझी पहिली चाचणीही याच कारणाने गेली होती. त्यानंतर मी काकांना शेजारी बसवून, रहदारी सुरू होण्यापूर्वी, रत्नागिरीजवळच्या आरे-वारेकडील एका मोकळ्या चढावर महिनाभर एकच गोष्ट घोटवली: हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाकायचा, इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटेपर्यंत क्लच हळूहळू सोडायचा, आणि मग थोडा ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक खाली करायचा. तो जड आवाज कानाला ओळखीचा झाला, तशी पायांची थरथर थांबली. (पावसात जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते, त्या दिवसांत हा सराव टाळावा.)

नियमाप्रमाणे 7 दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते, परंतु तिसऱ्यांदा नापास झाल्यास 60 दिवस थांबावे लागते. म्हणून केवळ आठवडा उलटला या कारणाने घाईने तारीख घेऊ नका. शिकाऊ परवान्याची 6 महिन्यांची मुदत किती उरली आहे, हे मात्र आजच पाहा.