जुलाब, ढाळ की परसाकडे? तुमच्या घरातला शब्द आणि त्याचे किस्से

परवा लेकीने विचारलं जुलाब म्हणजे काय गं, मी "पोट बिघडणं" म्हणून सुटले पण नंतर शब्दकोश उघडला तर उडालेच! मूळ फारसी गुलाब. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. अरबीत त्याचं जुलाब झालं, अर्थ गोड पाक, सरबत. मग पोट साफ करायच्या औषधाला हे नाव चिकटलं आणि आपण तर औषध सोडून परिणामालाच जुलाब म्हणतो. तुमचे अनुभव येऊद्यात.

----

आमच्याकडे जुलाब "व्हायचे" नाहीत, "घ्यायचे". मे महिन्यात आजी चहात एरंडेल घालून द्यायची, वर तेलाचा तवंग, नाक दाबून प्यायचं नि लगेच लिंबाची फोड चोखायची. भावंडं पाच, संडास एक, धाकटा दारावर थापा मारतोय आणि आतला मुद्दाम गाणी म्हणतोय. दुपारी मऊ भात तूप, बास.

----

सासर कोकणातलं. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या "परसाकडे जाऊन आलीस का गो?" मी पुण्याच्या फ्लॅटमधली, मला वाटलं परसबाग दाखवायचीये. म्हटलं संध्याकाळी निवांत जाऊ ना, तुम्ही पण चला. नणंद अजून छळते.

----

आमच्यात ढाळ. त्यामुळे पुस्तकात "तिने अश्रू ढाळले" आलं की मला हसू आवरायचं नाही, बाईंनी तासभर उभं केलंय.

----

मी एम.ए. मराठी, वडील वैद्य. शोकांतिका बघून मनातल्या भावनांचा निचरा होतो ते ॲरिस्टॉटलचं कॅथार्सिस म्हणजे विरेचन, असं मोठमोठ्याने पाठ करत होतो. विरेचन, रेचक, रिक्त सगळे एकाच रिच् धातूचे, म्हणजे रिकामं करणं. आणि पंचकर्मात विरेचन दिलं की पेशंटला किती वेग, म्हणजे किती वेळा जुलाब, झाले ते मोजतात. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मग, शोकांतिकेला किती वेग झाले?"

----

ऑफिसच्या मेलमध्ये "पोटाचा त्रास" एवढंच लिहावं. एकदा लूज मोशन लिहिलं तर साहेबांनी सगळ्या टीमला फॉरवर्ड केलं.

----

धागाकर्तीच परत. काल लग्नाला गेलो होतो, दारात एक काकू गुलाबदाणी घेऊन उभ्या. लेक दोन पावलं मागे सरकून ओरडली, "आई, जुलाब!"