मदत हवी आहे: ब्रॉयलरच्या खाद्यात 'अँटिबॉडी पावडर', घ्यावी की नाही?

शेडवाला_संगमनेर

नमस्कार मंडळी. माझं चार हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे. कंपनीच्या करारात नाही, पिल्लांपासून विक्रीपर्यंत सगळं माझं मीच बघतो.

त्रास असा की विसाव्या-बाविसाव्या दिवसापर्यंत पक्षी झकास असतात. मग लिटर (शेडात अंथरलेला भुसा) ओलं व्हायला लागतं, खाणं कमी होतं आणि रोजची मर सुरू. मरतात तेही चांगले वजनदार पक्षी. आमच्या डॉक्टरांनी एक फाडून दाखवला. लहान आतडं गॅसने फुगलेलं, हाताला पातळ, चिरल्यावर आतला थर टर्किश टॉवेलसारखा खरबरीत आणि त्यावर पिवळट-तपकिरी साका. नेक्रोटिक एन्टरायटिस म्हणाले. पाण्यातून अमॉक्सिसिलिन दिलं की मर थांबते, पण एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) जो बिघडतो तो लिफ्टिंगपर्यंत, म्हणजे पक्षी विक्रीला उचलेपर्यंत, सुधारत नाही.

आता नाशिकच्या मोठ्या गिऱ्हाइकाला अँटिबायोटिकचे अवशेष नसलेला माल हवाय, तोही रिपोर्टसकट. नेमका अशा वेळी एक विक्रेता 'अँटिबॉडी पावडर' घेऊन दारात. म्हणतो, लामा प्राण्यापासून बनवलीय, सगळ्या जिवाणूंवर चालते, अँटिबायोटिक नाहीच त्यामुळे विड्रॉवलची (औषध बंद करून विक्रीआधी थांबायची) भानगड नाही. माहितीपत्रकावर लामाचा हसरा फोटो. भाव ऐकून मात्र मला घाम फुटला.

असं काही खरंच असतं का? अँटिबॉडी म्हणजे शेवटी प्रथिनच ना, मग सोयाबीनसारखं तेही पचून जाणार नाही का? आणि त्याला नेमकं काय विचारू?

पशुवैद्य_नाशिकरोड

पावडर राहू द्या बाजूला, आधी कॉक्सीचं, म्हणजे आयमेरिया या आतड्यातल्या परजीवीच्या रोगाचं, बोला. हा आजार एकटा क्वचितच येतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही असतो. आयमेरियाने अस्तर फाडलं आणि रक्तातली प्रथिनं आतड्यात पाझरली, की त्याला आयतं खाद्य मिळतं. खाद्यात गहू किंवा फिशमील जास्त असेल तर आणखी सोय.

नुकसान करतं ते त्याचं विष. पूर्वी सगळा दोष अल्फा टॉक्सिनवर जायचा. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेटबी हे दुसरं विष दाखवलं, जे पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. हे विष बनवणाऱ्या जिवाणूंना आता 'जी' प्रकारात धरतात.

तर सांगा, कॉक्सीचं औषध कोणतं आणि किती बॅच तेच चालू आहे? खाद्य घरचं की मिलचं? आतड्याची खरवड मायक्रोस्कोपखाली बघितली का कोणी?

चिखलदऱ्याचा_पाहुणा

लामा कशाला, आपल्या बिकानेरला उंट आहेत की! तिथल्या राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रात उंटाच्या अँटिबॉडीपासून सर्पविषावरच्या औषधाचं काम झालंय. विषयांतराबद्दल क्षमस्व.

लॅबवाली_गेंट

विषयांतर नाहीये, उंट आणि लामा एकाच कुळातले! मी बेल्जियममध्ये याच रेणूंवर काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दादा, असं खरंच असतं. उंटाच्या रक्तात नेहमीच्या अँटिबॉडीबरोबर एक साधी, 'हलकी साखळी' हा घटकच नसलेली जातही सापडते. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या गटाने ती प्रसिद्ध केली. तिचं विषाला चिकटणारं टोक तेवढं वेगळं काढता येतं. पूर्ण अँटिबॉडी साधारण १५० किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं माप), हा तुकडा १५चा. त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून टाकीत उत्पादन घेतात, लामा फक्त सुरुवातीला लागतो.

पचनाची शंका अगदी रास्त आहे. पेप्सिन (प्रथिन पचवणारा पोटातला रस) आणि आम्ल यातून तगून जाणं हीच या कामातली खरी डोकेदुखी. काहींनी रेणूत जास्तीचा डायसल्फाइड बंध (गंधकाचा सांधा) घालून तो टणक केला. काहींनी लॅक्टोबॅसिलस जातीच्या उपयोगी जिवाणूलाच नेटबी आणि अल्फा टॉक्सिनविरुद्धचे तुकडे आतड्यात बनवायला लावले. कॅनडात कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या शेपटीला चिकटणारे पाच-पाच तुकडे एकत्र जोडून कोंबड्यांना पाजले, तर आतड्यातली त्याची संख्या घटली. अर्थात कॅम्पिलोबॅक्टरने कोंबडी सहसा आजारी पडत नाही, खाणारा माणूस पडतो. त्यामुळे शेडवाल्याने त्यासाठी खिशातून पैसे का घालावेत, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या विक्रेत्याचं 'सगळ्या जिवाणूंवर चालते' हे वाक्य मला खटकलं. या रेणूंची सगळी करामत नेम धरण्यात आहे. नेटबीला धरणारा तुकडा ई. कोलायला हातही लावणार नाही. शिवाय असा तुकडा जिवाणूला मारत नाही, विष निकामी करतो. म्हणजे मर लागल्यावर दोन दिवस देऊन भागत नाही, धोक्याच्या वयात रोज पोटात जायला हवा.

त्याला विचारा, कोणत्या विषाविरुद्ध आहे? मुद्दाम रोग देऊन केलेली कोंबड्यांवरची चाचणी दाखव म्हणावं, काचेच्या नळीतली नको. पेलेटिंगमध्ये, म्हणजे दाबून गोळ्या पाडताना, खाद्य ८० अंशांच्या आसपास तापतं, त्यानंतर किती शिल्लक राहतं? आणि ही अंड्याची पावडर तर नाही ना? लस टोचलेल्या कोंबडीच्या बलकातूनही अँटिबॉडी मिळते, आयजीवाय म्हणतात तिला. तीही उपयोगी असू शकते, पण ती वेगळी वस्तू आहे, तिला लामाचा भाव का द्यायचा? आणि ती उष्णतेला नाजूक असते.

शेडवाला_संगमनेर

ताई, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. खाद्य मिलचं, पेलेट. कॉक्सीसाठी त्यात सॅलिनोमायसिन असतं, गेल्या उन्हाळ्यापासून तेच. खरवड कोणी बघितलेली नाही.

विक्रेत्याला आत्ताच फोन लावला. कोणत्या विषाविरुद्ध, तर म्हणे "कंपनीला विचारून सांगतो". पेलेटचं विचारल्यावर म्हणाला, मग पाण्यातून द्या.

पुण्यात औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नमुना न्यायचा विचार आहे. मेलेला पक्षी बर्फात नेला तर चालेल का?

पशुवैद्य_नाशिकरोड

शक्यतो आजारी पण जिवंत पक्षी न्या, तीन-चार तरी. क्लोस्ट्रिडियम मेलेल्या पक्ष्याच्या आतड्यात आपोआप वाढतो आणि आतडंही लवकर सडतं, उन्हाळ्यात तर काही तासांत. मग रोगाने काय झालं आणि मेल्यावर काय झालं ते कळत नाही. न्यायच्या आधी अँटिबायोटिक पाजू नका. खाद्याचाही नमुना घ्या, आणि सॅलिनोमायसिन बदलायचं का ते खरवडीचा रिपोर्ट आल्यावर इथेच बोलू.