आवाज चढवल्याशिवाय माणसं हलत नाहीत?
कुणीतरी लिहिलंय की गर्दीच्या वेळी साहेबाने आवाज चढवल्याशिवाय माणसं हलत नाहीत. हलतात हो, पण भलतीकडेच. मी जळगाव जिल्ह्यात जामनेरकडे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, दोन हंगाम सुपरवायझर होतो. कपाशीत खडा आला, यंत्रात ठिणगी पडली आणि रुईच्या ढिगाला धग लागली. मी "पाणी आणा, पाणी आणा" ओरडत सुटलो. दहा जण पाण्याकडे धावले, रुई पुढे नेणारा यंत्राचा पट्टा मात्र तसाच चालू! पेटती रुई पुढे चाललेली.

आमचे मुकादम आप्पा चहाचा ग्लास खाली ठेवून उठले. एकाला म्हणाले, "कथा पयी ऱ्हायना रे (कुठे पळतोयस)? तू पट्टा बंद कर." दुसऱ्याला नळीवर धाडलं, तिसऱ्याला बायकांना बाहेर काढायला. नाव घेऊन, एकेकाला एकच काम. आवाज रोजचाच.

रुई दाबून बांधलेल्या गठाणीत (गठ्ठ्यात) आग आतल्या आत दोन-तीन दिवससुद्धा धुमसते. म्हणून त्यांनी शेजारच्या गठाणी उघड्यावर लांब-लांब ठेवून रात्रभर पहाऱ्याची पाळी लावली, आणि पहिली पाळी स्वतः घेतली. दुसरी मला दिली. ओरडल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.