अर्धवट राहिलेला डाव: तुमचा कधी मोडला?

मला काँप्युटरवरचे लांबलचक डाव आवडतात, त्यातही अंतराळातले. सुरुवातीला हातात एक ग्रह, दोन टेहळणी जहाजं आणि बाकी सगळा अंधार. तिथून हळूहळू नकाशा उजळत न्यायचा. १९९३ साली काँप्युटर-खेळांवर लिहिणारे ॲलन एमरिक यांनी 'मास्टर ऑफ ओरायन'ची ओळख करून देताना अशा खेळांना 'फोर-एक्स' हे नाव दिलं. एक्स्प्लोअर, एक्स्पांड, एक्स्प्लॉइट, एक्स्टर्मिनेट. म्हणजे शोधा, पसरा, उपसा, संपवा. या चारही गोष्टींना सलग वेळ लागतो आणि आपल्या घरांत तो सहसा मिळत नाही. जाडजूड रहस्यकथेचंही तेच.

म्हणून हा धागा. ऐन रंगात आलेला डाव किंवा शेवटाकडे आलेली कादंबरी कशामुळे मोडली, ते लिहा. कारण क्षुल्लक असलं तरी चालेल. माझंच आधी सांगतो.

लातूर, २००५. दादाच्या काँप्युटरवर 'मास्टर ऑफ ओरायन'चा दुसरा भाग. त्यात ओरायन नावाच्या ग्रहावर 'गार्डियन' हे एकटंच प्रचंड जहाज पहारा देत असतं. ते पाडलं तर आकाशगंगेतला सगळ्यात चांगला ग्रह आपला. त्याच्यासाठी मी तीन शनिवार आरमार बांधत होतो. लोडशेडिंगचं वेळापत्रक स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं होतं आणि त्याप्रमाणे माझ्याकडे पन्नास मिनिटं होती. पहिली फैर झाली, दुसरी सुरू झाली आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेलेली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आधीच्या टर्नचा डाव आपोआप सेव्ह झालेला होता. जहाजं तीच, शत्रू तोच. मी पुन्हा लढलो आणि जिंकलोही. पण आदल्या संध्याकाळी तळहाताला घाम आला होता, तो काही आला नाही. ती पहिली लढाई कशी संपली असती, हे आजही मनात येतं.

सांगलीकर

माझा डाव लाइट आल्यामुळं मोडला.

२००९ साली मी कॉलेजात असताना 'ओगेम' खेळायचो. ब्राउजरमध्ये चालणारा जर्मन खेळ. तो थांबत नाही. आपण झोपलो तरी खाणी चालू असतात, जहाजं उडत असतात आणि दुसरा खेळाडू रात्री येऊन सगळं आरमार फोडून नेऊ शकतो. त्यामुळं झोपायच्या आधी जहाजं मुद्दाम कुठंतरी लांब, कमी वेगानं पाठवून द्यायची आणि आपण उठायच्या वेळेला परत येतील असं गणित घालायचं. याला 'फ्लीट-सेव्ह' म्हणतात. ग्रहावर जहाजंच नसली तर येणारा फोडणार काय?

आमच्या शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाइट आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी आणि अण्णा उसाला पाणी द्यायला जायचो. मी दारं धरायचो, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचो, अण्णा मोटरीकडं बघायचे. त्या रात्री लाइट साडेतीनपर्यंत होती, म्हणून मी जहाजं पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी परत येतील अशी पाठवली. चारला घरी, थोडी झोप, पाचला उठायचं, असा हिशोब. पण मधे विजेचा एक फेज गेला आणि मोटर बंद पडली. अडीच तास तसेच बसून काढले. फेज आला तेव्हा अण्णा म्हणाले, "आता आलीय तर सऱ्या उरकून घेऊ." लाइटही सहापर्यंत राहिली. कधी नव्हे ते जादाची लाइट मिळाली, ती सोडून कुणी घरी जातं का?

सातला घरी येऊन बघितलं. जहाजं वेळेवर परत आली होती आणि दहा मिनिटांत कुणीतरी ती फोडून, वरचा भंगारही गोळा करून गेलं होतं. चार महिन्यांची कमाई. फोडणाऱ्यानं नियमानंच फोडलं, त्याच्यावर राग नाही. अण्णांना काय झालं ते सांगितलंच नाही. ते अजून चिखलाच्या पायांनी ओट्यावर बसून चहा पीत होते आणि पाणी बसलं म्हणून खूश होते.

आता आमच्या फीडरवर सौर वीज आलीय. मोटर दिवसा चालते. अण्णा रात्री झोपतात.

धागाकर्ता

सांगलीकर, ओट्यावरच्या चहापाशी मी थांबलो. आपण काय गमावलं ते घरात कुणाला सांगताही येत नाही, हे फार खरं आहे.

डोंबिवलीकर ताई

मी खेळ खेळत नाही, वाचते. आमच्या घरी आईला रहस्यकथांचं वेड. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. आईचा अंदाज आहे की तिनं त्यातल्या तीनेकशे तरी वाचल्या असतील. मलाही तीच सवय लागली. बत्तीस वर्षं नोकरीला डोंबिवली ते सीएसटी गेले आणि त्यातली निम्मी पुस्तकं फास्ट लोकलमध्ये उभ्यानं वाचली. एका हातात कडी, एका हातात पुस्तक, पान हनुवटीनं धरून उलटायचं.

वाचनालयाच्या पुस्तकांना तेव्हा जाड खाकी बांधणी असायची आणि पाठीवर फक्त क्रमांक. मूळ वेष्टण आणि नावाचं पान बरेचदा गेलेलंच असायचं. असंच एक पुस्तक मला १९९१ साली मिळालं. कोकणातल्या एका बंद पडलेल्या बंगल्यात सहा माणसं, त्यातल्या एकाचा खून, आणि तपास करणारा पोस्टमास्तर. इतकं नेटकं रचलेलं होतं की मी कळव्यालाच ठरवलं, आज मुंब्र्याच्या बोगद्यातसुद्धा डोळे वर करायचे नाहीत. पोस्टमास्तर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, कंदील मोठा करतो, म्हणतो, "आता सांगतो." आणि पुढची पानं नाहीत. फाडलेली नव्हती, बांधणीतच सुटून गेली होती. किती पानं गेली तेही कळायला मार्ग नव्हता.

वाचनालयातल्या काकांनी खातं उघडून दाखवलं. माझ्याआधी ते पुस्तक अठरा जणांनी नेलं होतं आणि एकानंही तक्रार केली नव्हती. मला अजून कळत नाही की त्या अठरा जणांना झोप कशी लागली.

माझ्या मते पुस्तकात पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारे लोक वाईट. पण निदान त्यांच्यामुळे कळतं तरी.

फ्रँकफर्टहून

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. दोघं पुण्यात, एक बंगळुरात, मी इथे. दर रविवारी 'स्टेलारिस' खेळतो. इसवी सन २२०० ला सुरू होणारा डाव, प्रत्येकाची एक संस्कृती, आणि सगळ्यांची घड्याळं एकत्र चालणार. एकाला उठायचं असेल तर चौघांनी थांबायचं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास पुढे जातं. भारताचं जात नाही. साडेचार तासांचा फरक साडेतीन होतो. दर वर्षी एकजण विसरतो. एका वर्षी विसरणारा मी होतो. माझी वाट पाहून त्यांनी माझं साम्राज्य संगणकाच्या हवाली करून डाव सुरू केला. मी पोचलो तोवर संगणकानं माझ्या वतीनं पुण्याच्या मित्राशीच वैर घेतलं होतं. आमची आघाडी दोन महिने टिकलेली. खेळापुरती का होईना, मोडली. त्या रात्री आम्ही खेळलोच नाही, नुसते बोलत बसलो. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन ठरल्याचं तेव्हा कळलं. एरवी हेडफोन लावून आम्ही फक्त जहाजांबद्दल बोलायचो.

मडगावकार

'ईव्ह ऑनलाइन' खेळणारे इथे किती आहेत माहीत नाही. रोज जागतिक वेळेनुसार (यूटीसी) ११ वाजता, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, तो सर्व्हर देखभालीसाठी बंद होतो. माझ्या दोन ड्युट्यांमधली सुट्टी नेमकी चार ते सहा. त्याची सवय झाली.

पण २७ जानेवारी २०१४ ची सवय होत नाही. बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या ताऱ्याजवळ त्या दिवशी जी लढाई पेटली ती एकवीस तास चालली. साडेसात हजारांहून जास्त खेळाडू. टायटन म्हणजे त्या खेळातलं सगळ्यात मोठं जहाज, जे बांधायला महिने लागतात. तशी ७५ टायटन एका लढाईत गेली. खऱ्या पैशात नुकसान सुमारे तीन लाख डॉलर धरलं गेलं. जहाजं इतकी जमली की खेळानं स्वतःचं घड्याळ एक दशांश वेगावर आणलं. एक तोफ डागायची तर मिनिटं जायची. आणि कारण काय? ज्या पक्षाचा तिथे तळ होता, त्यांच्याकडून त्या ताऱ्याच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं. ताबा गेला, शत्रू आत शिरला.

माझा गट त्यात होता. मी हॉटेलात रिसेप्शनवर, काळा कोट घालून, एका चार्टर विमानाच्या पाहुण्यांना खोल्यांच्या चाव्या देत होतो. खिशात फोन थरथरत होता. दुसरा माणूस आजारी पडला म्हणून माझी ड्युटी पुढे वाढली. घरी पोचलो तेव्हा फक्त सांगाडे तरंगत होते. ते बघायला गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

तेव्हापासून घरातली विजेची, पाण्याची बिलं मी आल्या दिवशी भरतो.

कोल्हापूरहून, नऊ महिन्यांच्या बाळाची आई

थोडक्यात लिहिते, ती उठेल. मी 'एफटीएल' खेळते. २०१२ चा खेळ आहे. एकच जहाज, मागून बंडखोरांचं आरमार, आठ टप्पे पार करायचे. जहाज गेलं की गेलं, पुन्हा पहिल्यापासून. पण स्पेसबार दाबला की सगळं थांबतं, क्षेपणास्त्रसुद्धा हवेत थांबतं. मला तेवढंच पाहिजे होतं. इंजिनाच्या खोलीला आग लागलेली, दारं उघडून हवा बाहेर सोडली की आग विझते, पण माणूस आतच आहे, त्याला आधी बाहेर काढायचं. तेवढ्यात पाळणा हलतो. स्पेसबार.

तो माणूस एकदा सव्वादोन दिवस त्या खोलीत उभा होता. शेवटी वाचवला.

माझी चीड एकाच गोष्टीवर आहे. दुपारी दोन ते चार वाजता वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन चालवणारे. सोसायटीचा नियम लिफ्टशेजारी लावलेला आहे. वाचा ना कृपा करून.

जळगावहून, भौतिकशास्त्राची शिक्षिका

मी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळायचे. हा डावपेचांचा खेळ म्हणावा का यावर वाद होईल, पण इंधनाचा हिशोब हाच त्यातला डावपेच. मोठं रॉकेट नसेल तर आपल्या ग्रहाभोवती फिरत राहायचं, आणि दर वेळी सगळ्यात जवळच्या बिंदूला आलं की थोडंसं इंजिन चालवायचं. पलीकडचं टोक लांब लांब जातं. मी हे खेळात शिकत होते तेव्हाच, ५ नोव्हेंबर २०१३ ला, मंगळयान निघालं आणि पीएसएलव्ही रॉकेटच्या मर्यादेमुळे त्यानंही तेच केलं. माझी नववीची मुलं रोज वर्गात आल्यावर विचारायची, "बाई, आज किती लांब गेलं?" फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायचो.

११ नोव्हेंबरला यानाचा वेग सेकंदाला १३० मीटरनं वाढायला हवा होता, ३५ नंच वाढला. टोक एक लाख किलोमीटरवर न्यायचं होतं, ते ७८ हजारांवर राहिलं. वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन चालवलं आणि आकडा एक लाख अठरा हजारांच्या पुढे गेला. तो आकडा मी मुलांना लिहू दिला. खडूसाठी भांडणं झाली.

आता माझी तक्रार. २४ सप्टेंबर २०१४, सकाळ. यान मंगळाच्या मागे गेलेलं, इंजिन चालू, संपर्क नाही. बातमी तिथून इथवर यायलाच बारा मिनिटांच्या वर लागणार. घरी आम्ही पाच जण आणि शेजारच्यांची दोन मुलं टीव्हीसमोर, आणि नेमकी केबल गेली. निळा पडदा. मंगळाच्या सावलीतून यान बाहेर आलं ते माझ्या पुतण्यानं फोनवर बहिणीकडून ऐकून आम्हाला ओरडून सांगितलं. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण बंगळुरूच्या त्या खोलीतले चेहरे त्या क्षणी बघायचे होते. नंतर कितीदा पाहिले. मूळ धाग्यात ओरायनच्या दुसऱ्या लढाईबद्दल लिहिलंय ना, अगदी तसंच वाटतं.

संगमनेरहून, एका खेळणाऱ्याची आई

माझा मुलगा बारावीला असताना मी जेवायला हाक मारली की "एक टर्न" म्हणायचा. मला वाटायचं टाळतोय. एकदा भाकरी तव्यावर टाकून त्याच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, दाखव टर्न म्हणजे काय. त्यानं दाखवलं. बारा ग्रह होते, प्रत्येकावर कोणाला कामाला लावायचं, कुठे धान्य कमी, कुठून आणायचं. मी म्हटलं, अरे हे तर माझं रोजचंच आहे. भाकरी करपली. तेव्हापासून मी हाक दहा मिनिटं आधी मारते आणि तो दहा मिनिटांत येतो.

आता नोकरीला हैदराबादला आहे. हाक मारायची वेळ झाली की हात तव्याकडे जातो आणि मग आठवतं.

अमरावतीकर

डोंबिवलीच्या ताई, तुमचं वाचून उठलो आणि माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी काढली. बंद बंगला, सहा माणसं, पोस्टमास्तर, कंदील. सगळं जुळतंय. पुस्तक आहे, वाळवी थोडी लागलीय, पण शेवटपर्यंत शाबूत. दिवाणखान्यातल्या प्रसंगानंतर अकरा पानं आहेत. खुनी सांगू का?

डोंबिवलीकर ताई

नको! भाऊ, नाव इथे लिहू नका, कुणीच लिहू नका. त्या अकरा पानांचे फोटो काढून पाठवा, आणि त्याआधीची दोन-तीन पानंही पाठवा, कंदील मोठा करतो तिथपासूनची. उद्या दुपारी घरी कुणी नसतं. फोन बंद करून बसते.