पॅक्लोब्युट्राझोल यंदा द्यावं की थांबावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आंब्याला लवकर मोहोर यावा म्हणून सलग दोन वर्षं पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध दिलं. झाडं बारा वर्षांची. झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला २३ टक्क्यांचं ३ मिली, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती छोटे खड्डे करून ओतलं. जमिनीत ओल होती, तणही आधी काढलं होतं.

पहिल्या वर्षी मोहोर खरंच लवकर आला. पण आता चार झाडं बघवत नाहीत. नव्या फांदीची पेरं अगदी आखूड, पानं एकमेकांना चिकटून गुच्छासारखी, आणि गेल्या खेपेचा मोहोरही मुठीसारखा आवळलेला. त्यात भुरी (बुरशीचा रोग) पटकन शिरली. पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन (झाडाची वाढ करणारं संप्रेरक) रोखून वाढ थांबवतं आणि जमिनीत बराच काळ टिकतं, म्हणून मागचाच अंश साठला असावा असं वाटतं.

त्या चार झाडांना यंदा पूर्ण विश्रांती द्यावी का? बाकीच्यांना मात्रा निम्मी केली तर चालेल? की पालवी पक्की झाल्यावर नुसती १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी पुरेल? अशी आवळलेली झाडं कोणी पूर्ववत केली असतील, तर छाटणी कधी आणि किती केली तेही सांगा. झाडं हातची जाऊ नयेत एवढीच काळजी आहे.