मदत हवी आहे: कांद्याच्या कळीत अर्धसूत्री विभाजन दिसत नाही

बारावीच्या मुलांना परागमातृपेशीचे (जिच्यापासून परागकण बनतात ती पेशी) अर्धसूत्री विभाजनाने, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या विभाजनाने, चार लघुबीजाणू (परागकणाची पहिली अवस्था) होताना प्रत्यक्ष दाखवायचे आहेत. कांद्याच्या गोंड्यातल्या कळ्या सकाळी खुडून 3 भाग अल्कोहोल, 1 भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये दिवसभर ठेवल्या. परागकोश ॲसिटोकारमाइनमध्ये (गुणसूत्रे रंगवणारे रंगद्रव्य) चिरडले, तर सगळीकडे तयार परागकणच! आत दोन केंद्रके, म्हणजे कायिक (परागनलिका बनवणारी) आणि जनन पेशी झालेल्या. पुढे परागनलिकेत जनन पेशीचे दोन पुंयुग्मक (नर युग्मक) होतात, ते वेगळं. मला त्याआधीची चौकडी, म्हणजे एकत्र चिकटलेले चार लघुबीजाणू, हवी आहे.

पिवळे परागकोश उशिराचे असतात, हे आता कळलं. मग किती मिलिमीटरची कळी घ्यावी? खुडायची वेळ कोणती? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मुलं फार आतुर आहेत.